रात्री बोट चालवताना थर्मल कॅमेरा: नवख्यांसाठी पायरीपायरीने

कॅमेरा हातात आला त्याच रात्री मी केबिनमध्ये उभा राहून समोरच्या काचेतून तो पाण्यावर रोखला. पडद्यावर एक धूसर, पांढुरका चेहरा उमटला. क्षणभर छातीत धस्स झालं. मग लक्षात आलं की तो चेहरा माझाच आहे. काच या कॅमेऱ्यासाठी आरसा असते, आणि ही गोष्ट माहितीपुस्तिकेत सुरुवातीलाच लिहिलेली होती. पुस्तिका अर्थातच खोक्यात होती.

पुढचे काही महिने मी अशाच चुका करत शिकलो. त्या तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे. एक सूचना आधीच देतो. कॅमेरा काय काय दाखवतो हे विकणारा तुम्हाला भरभरून सांगेल, त्यामुळे मी जास्त वेळ तो काय दाखवत नाही यावर घालवणार आहे. रात्री पाण्यावर घात होतो तो तिथेच.

१. हे यंत्र काय बघतं ते आधी समजून घ्या

आपल्या डोळ्याला लागतो तो प्रकाश या कॅमेऱ्याला लागत नाही. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर टाकत असते. बोटींवर वापरले जाणारे थर्मल कॅमेरे त्यातले साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण टिपतात आणि त्यांतल्या फरकाचं चित्र बनवतात. म्हणजे पडद्यावर दिसतो तो तापमानातला फरक. माणूस पाण्यापेक्षा गरम, म्हणून उठून दिसतो. चालू इंजिन तर त्याहून ठळक. पण एखादी वस्तू पाण्याइतक्याच तापमानाची असेल, तर ती कितीही मोठी असली तरी पडद्यावर हरवते.

रात्री बघण्याच्या दुसऱ्या दुर्बिणी असतात, हिरवट चित्र दाखवणाऱ्या. त्या चांदण्यांचा किंवा चंद्राचा असलेला थोडा उजेड वाढवून दाखवतात. किनाऱ्यावरचे दिवे समोर आले की त्यांची पंचाईत होते. थर्मल कॅमेऱ्याला त्या दिव्यांचा काही त्रास नाही. पण म्हणूनच त्याला दिव्यांचा रंगही कळत नाही, आणि हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

पाण्याखालचं काहीही दिसत नाही. हे किरण पाण्याच्या मिलिमीटरभर थरातच शोषले जातात. बुडालेला खडक, वाळूचा बांध, पाण्याखालून गेलेला जाळ्याचा दोर, यांतलं काहीही पडद्यावर येणार नाही. त्यासाठी नकाशा आणि खोली मोजणारं यंत्रच लागतं.

२. प्रकार निवडा

तीन प्रकार आहेत: हातात धरायचा, बोटीवर एकाच दिशेला पक्का बसवलेला, आणि वर-खाली, डावी-उजवीकडे फिरणारा.

लहान बोट असेल आणि रात्री क्वचितच बाहेर पडत असाल, तर हातातलाच घ्या. जोडणी नाही, छिद्रं पाडणं नाही, दुसऱ्याच्या बोटीवरही नेता येतो. त्याचा तोटा असा की तो धरायला एक माणूस लागतो. सुकाणूवर बसलेल्यानेच एका डोळ्याला कॅमेरा लावला तर त्याचा तो डोळा पडद्याच्या उजेडाने दिपतो आणि दुसरा एकटा पडतो. एकट्याने बोट चालवणाऱ्यांनी हा प्रकार घेण्याआधी दोनदा विचार करावा.

पक्का बसवलेला कॅमेरा बोटीच्या नाळेसमोरचं, म्हणजे पुढच्या टोकासमोरचं, सतत दाखवत राहतो. याचा एक फायदा मला उशिरा कळला. चित्राचा मध्य म्हणजे बोटीची दिशा, हे कायम ठरलेलं असतं, त्यामुळे समोरची वस्तू आपल्या वाटेवर आहे की बाजूला, हे चटकन कळतं.

फिरणारा कॅमेरा सर्वांत सोयीचा आणि सर्वांत गोंधळात टाकणाराही. तो कुठे वळलाय हे विसरलात तर डावीकडची बोट समोर आहे असं वाटून तुम्ही सुकाणू फिरवाल. पडद्यावर दिशादर्शक खूण असते. ती बंद करू नका. मोठ्या लाटांत चालणाऱ्या बोटीसाठी चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा असलेलाच घ्या, नाहीतर क्षितिज वर-खाली होत राहतं आणि दहा मिनिटांत मळमळायला लागतं.

३. आकडे वाचायला शिका

खरेदीत सगळ्यात जास्त फसगत इथे होते. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं की माणूस अमुक अंतरावरून ओळखू येतो. त्या वाक्यात दोन गोष्टी दडलेल्या असतात. पहिली म्हणजे ‘दिसणं’ आणि ‘ओळखू येणं’ या वेगळ्या गोष्टी आहेत. जॉन जॉन्सन या अमेरिकी संशोधकाने १९५८ मध्ये मांडलेल्या निकषांवर हा धंदा आजही चालतो: काहीतरी आहे एवढं कळायला वस्तूवर दोनेक पिक्सेल पुरतात, ती बोट आहे की बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) हे कळायला त्याच्या कित्येक पट लागतात, आणि कसली बोट आहे हे कळायला त्याहून जास्त. दुसरी गोष्ट अशी की पत्रकातला माणूस उभा असतो, कोरडा असतो आणि हवा स्वच्छ असते. पाण्यात पडलेल्या माणसाचं फक्त डोकं वर असतं.

हिशेब स्वतः करा, अवघड नाही. सेन्सरवरच्या एका पिक्सेलचा आकार मायक्रोमीटरमध्ये घ्या आणि त्याला भिंगाच्या मिलिमीटरमधल्या फोकल लांबीने भागा. जो आकडा येईल, तितके मीटर एक पिक्सेल १ किलोमीटरवर झाकतो. समजा पिक्सेल १७ मायक्रोमीटरचा आणि भिंग १९ मिलिमीटरचं. भागाकार येतो साधारण ०.९. म्हणजे १ किलोमीटरवर एक पिक्सेल ९० सेंटिमीटर झाकतो आणि १०० मीटरवर ९ सेंटिमीटर.

आता डोकं २५ सेंटिमीटर उंच धरा. १०० मीटरवर त्यावर जेमतेम तीन पिक्सेल पडतात, १४० मीटरवर दोन, आणि २८० मीटरवर एक. तो एक पिक्सेल लाटांच्या चमचमाटात तुमच्या नजरेला पडेल, ही आशा करू नका. याच कॅमेऱ्यात ५ मीटर लांबीची आडवी होडी १ किलोमीटरवर पाच-सहा पिक्सेलांची दिसते. ठिपका दिसतो, ठिपक्याचं नाव कळत नाही.

याला वेग जोडा. २० नॉट म्हणजे सेकंदाला १० मीटरहून थोडं जास्त. १४० मीटरवर डोकं दिसलं तर तुमच्या हातात १४ सेकंदांहून कमी वेळ आहे. त्यात ते लक्षात येणं, मेंदूला पटणं, हात हलणं आणि बोट वळणं हे सगळं आलं. हा हिशेब मी कागदावर केला त्या दिवसापासून माझा रात्रीचा वेग अर्ध्यावर आला.

बाकीचे आकडे भराभर सांगतो.

सेन्सरचे पिक्सेल: ३२० × २४० आणि ६४० × ४८० किंवा ६४० × ५१२ हे आकार नेहमी दिसतात. भिंग तेच ठेवून ६४० चा सेन्सर घेतला तर लांबचं जास्त दिसत नाही, दुप्पट रुंद दिसतं. वरच्या उदाहरणात ३२० वाला साधारण १६ अंश बघतो आणि ६४० वाला ३२ अंश. हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. आधी मोठा सेन्सर घ्या आणि मग त्याला मोठं भिंग लावा, तेव्हा कुठे रुंदी राखून लांबचं हाती लागतं.

डिजिटल झूम: याने पिक्सेल मोठे दिसतात, माहिती वाढत नाही. पत्रकातल्या झूमच्या आकड्यात किती भाग भिंगाचा आणि किती डिजिटल, ते विचारा.

तापमानातला किती बारीक फरक कळतो: हा आकडा मिलिकेल्विनमध्ये देतात आणि तो जितका लहान तितका चांगला. ५० म्हणजे अंशाचा विसावा भाग. उष्ण, दमट रात्री किंवा पावसानंतर, जेव्हा सगळंच सारख्या तापमानाचं होतं, तेव्हा हाच आकडा कामाला येतो.

चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं: ९ हर्ट्झ आणि २५ किंवा ३० हर्ट्झ असे प्रकार असतात. ९ वाले मुद्दाम बनवतात, कारण थर्मल कॅमेऱ्यांच्या निर्यातीवर अनेक देशांचे निर्बंध आहेत आणि मंद कॅमेऱ्यांसाठी ते सैल आहेत. स्थिर पाण्यात सावकाश जाताना ९ चालतो. पण लाटेने बोट सेकंदाला १० अंश वळली, तर वरच्या १६ अंशांच्या कॅमेऱ्यात एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत सगळं वीसेक पिक्सेल सरकलेलं असतं. तीन पिक्सेलांचं डोकं त्यात शोधून दाखवा. परवडत असेल तर जलदच घ्या. मात्र तो घेऊन देशाबाहेर जाणार असाल तर नियम आधी तपासा.

४. सामान आणि कागद जमवा

बसवण्याआधी हे हाताशी हवं: खरेदीची पावती आणि अनुक्रमांक, हमीपत्र, छापील माहितीपुस्तिका, बोटीच्या विजेच्या जोडणीचा आराखडा, योग्य क्षमतेचा फ्यूज, कथलाचा मुलामा असलेली सागरी तार, छिद्रं बुजवायला सीलंट, गोड्या पाण्याची बाटली आणि मऊ कापड. जुन्या आराखड्यावर विश्वास ठेवू नका. माझ्या आराखड्यात जी तार मागच्या दिव्याची लिहिली होती, ती प्रत्यक्षात पंपाची निघाली. दुकानदार काहीही म्हणो, तार तांब्यावर कथलाचा मुलामा असलेलीच मागा. खाऱ्या हवेत साधं तांबं काळं पडून आतून कुजतं.

कॅमेरा १२ व्होल्टवर चालतो की २४ वर, आणि चित्र कुठे जाणार हेही आधीच बघा. काही कॅमेरे साधा व्हिडिओ देतात, काही नेटवर्कच्या तारेने बोलतात. तुमच्या नकाशाच्या पडद्याला त्यातलं काय समजतं हे पुस्तिका उघडून वाचा. दोघांवर एकाच कंपनीचं नाव आहे म्हणून जोडणी जुळेलच असं नाही.

५. बसवताना

शक्य तितका उंच, बोटीच्या मध्यरेषेवर, समोर काहीही आडवं न येता. उंचीने क्षितिज लांब जातं: डोळा पाण्यापासून २ मीटरवर असेल तर क्षितिज सुमारे ५ किलोमीटरवर असतं, ४ मीटरवर सुमारे ७. पण लहान बोटीत फार उंच डोलकाठीवर बसवलात तर हेलकावे वाढतात आणि बोटीच्या अगदी जवळचं पाणी चौकटीतून निसटतं. केबिनच्या टपावर बसवणं बहुतेकांना सोयीचं पडतं.

रडारच्या किरणांच्या पातळीत बसवू नका. होकायंत्रापासून पुस्तिकेत दिलेलं अंतर राखा. आणि चौकटीत स्वतःच्या बोटीचा गरम भाग येऊ देऊ नका, हे विशेष. माझ्या पहिल्या जागेवरून इंजिनच्या हवेच्या झरोक्याचा एक कोपरा दिसायचा. कॅमेरा चित्रातल्या सर्वांत गरम आणि सर्वांत थंड भागांमध्ये छटा वाटत असतो, त्यामुळे त्या एका कोपऱ्याने सगळ्या छटा खाऊन टाकल्या आणि पाणी सपाट करडं झालं. दोन आठवडे मी कॅमेऱ्याला दोष देत होतो.

काचेचं लक्षात आहेच. या कॅमेऱ्यांची भिंगं बहुधा जर्मेनियमची असतात, ती यासाठीच. पारदर्शक प्लास्टिकचं आवरणही चालत नाही. ऊन-पावसापासून जपायला म्हणून कोणी वर घुमट बसवून देतो म्हणाला, तर नको म्हणा.

सूर्य थेट भिंगात येऊ देऊ नका. बऱ्याच सेन्सरना त्याने इजा होते. फिरणारे कॅमेरे बंद केल्यावर तोंड खाली करून बसतात, पक्क्यांना टोपी घालावी लागते. टोपी काढायला विसरून ‘कॅमेरा बिघडला’ म्हणणारेही असतात. मी नाव सांगत नाही.

६. पडदा आणि डोळे यांचं भांडण मिटवा

अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका झगझगीत पडद्याने ते क्षणात वाया जातं. म्हणून पडद्याचा उजेड आधी धक्क्यावरच कमी करा, इतका कमी की दिवसा तो बंदच वाटेल.

रंगांचे अनेक संच असतात. सप्तरंगी चित्र मित्रांना दाखवायला छान दिसतं. बोट चालवायला साधी करडी छटा घ्या. गरम ते पांढरं, किंवा गरम ते काळं, असे दोन पर्याय मिळतात. पाण्याचा भाग चौकटीत जास्त असतो, त्यामुळे पाणी गडद राहील तो पर्याय डोळ्यांना कमी टोचतो. मी एकच संच ठरवलाय आणि बदलत नाही. बदलत राहिलं की ‘काळं म्हणजे गरम की थंड’ हा प्रश्न नेमका नको त्या वेळी पडतो.

मधूनच टक् असा आवाज येईल आणि चित्र थोडा वेळ गोठेल. कॅमेरा आतली झडप पाडून सेन्सर जुळवून घेतोय, बिघाड नाही. फक्त त्या वेळी अरुंद वाटेत असाल तर डोळे बाहेर ठेवा.

७. उजेडात आणि धक्क्यावर सराव करा

ही पायरी गाळू नका. बोट बांधलेली असताना संध्याकाळी तीन-चार तास नुसतं बघत बसा. पडद्यावर एखादी गोष्ट दिसली की डोळ्यांनी ती शोधा, आणि डोळ्यांना दिसली की पडद्यावर शोधा. दुसरा भाग जास्त शिकवतो, कारण हरवलेल्या गोष्टी त्यातूनच कळतात.

सूर्यास्ताला बसलात तर एक नवल दिसेल. संध्याकाळी जमीन आणि दगड पाण्यापेक्षा गरम असतात, किनारा उजळ दिसतो. जमीन लवकर निवते, पाणी सावकाश. हळूहळू दोघांचं तापमान जवळ येतं, किनाऱ्याची रेघ पुसट होत जाते, आणि मधे एक वेळ अशी येते की ती जवळजवळ नाहीशी होते. मग पुन्हा उमटते, पण उलटी: पाणी उजळ आणि जमीन गडद. सकाळी हेच उलट्या क्रमाने होतं. ढगाळ किंवा वाऱ्याच्या दिवशी हा बदल वेगळ्या वेळी आणि कमी ठळक होतो. धक्का, पुलाचे खांब, बोये, सगळ्यांची आपापली अशी आंधळी वेळ असते. तुम्ही नेहमी ज्या वेळी परतता ती यात सापडते का, हे बघून ठेवा.

याच सरावात अंतराचाही अंदाज घ्या. कॅमेरा अंतर सांगत नाही. माहितीतला बोया किती अंतरावर किती मोठा दिसतो, हे नकाशाशी ताडून वहीत लिहा. वहीचं हे पान मला पत्रकाच्या सगळ्या आकड्यांपेक्षा उपयोगी पडलंय.

८. पाण्यावर उतरा, पण नियम तेच

समुद्रावरील टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ चे आहेत. त्यातला नियम ५ सांगतो की नजरेने, कानाने आणि उपलब्ध असलेल्या सर्व साधनांनी टेहळणी ठेवा. बोटीवर थर्मल कॅमेरा असेल तर तो त्या साधनांत येतो. मात्र नजर आणि कान यांची नावं आधी घेतली आहेत आणि कॅमेऱ्याला कान नाहीत. अंतर्देशीय पाण्यावर स्थानिक नियम वेगळे असू शकतात, तेही बघा.

कामाची विभागणी अशी ठेवा. डोळे बाहेर. पडद्यावर दोन-तीन सेकंदांची नजर, पुन्हा बाहेर. माणसं दोन असतील तर एकाने पडदा सांभाळावा आणि दिसेल ते मोठ्याने सांगावं: ‘डावीकडे, जवळ, छोटं.’ सुकाणूवरच्याने ते डोळ्यांनी किंवा रडारवर पडताळावं.

आता दिव्यांचा मुद्दा. समोरच्या बोटीचा लाल दिवा दिसतो की हिरवा, यावरून ती कोणत्या बाजूने येतेय आणि वाट कोणी द्यायची हे ठरतं. पडद्यावर हे दोन्ही दिवे सारखेच, आणि एलईडी असतील तर बहुधा दिसतच नाहीत. बोयांचे रंग आणि दिव्यांची लुकलुक यांचंही तेच. त्यामुळे पडद्यावर बोट दिसली की पहिला प्रश्न ‘तिचे दिवे कुठे आहेत?’ हा, आणि त्याचं उत्तर दुर्बिणीतून.

दिवेच नसतील, तर मात्र या कॅमेऱ्याने पैसे वसूल केले म्हणायचे. वल्ह्यांच्या होडीला बाजूचे दिवे लावायची सक्ती नाही. टक्कर टाळता येईल अशा बेताने पांढरा उजेड दाखवायला एक टॉर्च हाताशी असली तरी नियम २५ प्रमाणे पुरतं. ती टॉर्च दिसण्याच्या कितीतरी आधी त्या होडीतली माणसं पडद्यावर दोन उजळ ठिपके म्हणून येतात. लाकडी आणि फायबरच्या छोट्या होड्या रडारवर लाटांच्या गोंधळात सहज हरवतात, तिथे हीच जोडी कामाला येते: रडार अंतर सांगतं, कॅमेरा तिथे माणूस आहे हे सांगतो.

पक्का कॅमेरा असेल तर पडद्यावर टक्कर ओळखायची एक सोपी खूण आहे. बोट सरळ ठेवा. समोरचा ठिपका चौकटीत एका बाजूला सरकत असेल तर तो बहुधा निघून जाईल. एकाच जागी राहून मोठा होत असेल, तर तुम्ही दोघं एकाच बिंदूकडे निघाला आहात. वेग लगेच कमी करा.

९. चकव्यांची यादी

ओंडका. पाण्यात बराच काळ भिजलेलं, अर्धं बुडालेलं लाकूड पाण्याच्याच तापमानाचं होतं. असल्या एका ओंडक्याला मी सावकाश जाताना धडकलो. नंतर रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा बघितलं. तिथे नुसतं पाणी आहे.

धुकं आणि पाऊस. विरळ धुक्यात कॅमेरा डोळ्यांपेक्षा लांबचं बघतो. दाट धुक्यात त्याचीही नजर आखूड होते, कारण थेंब हे किरणही अडवतात आणि पसरवतात. जोराच्या पावसात तर दुहेरी नुकसान: थेंब आडवे येतात आणि सगळं ओलं होऊन एकाच तापमानाला येतं. ‘धुक्यातून आरपार दिसतं’ असं कोणी म्हटलं तर कसल्या धुक्यातून ते विचारा.

पाण्यातलं प्रतिबिंब. शांत पाणी तिरप्या नजरेला आरशासारखं वागतं, थर्मल चित्रातही. पुलाचा गरम खांब खाली उलटा दिसतो. निरभ्र आकाश थंड असल्यामुळे लांबचं पाणी गडद वाटतं, आणि ढग आले की तेच फिकट. त्यात काही बिघडलेलं नसतं.

फेसाळ रेघ. नुकतीच गेलेली बोट पाण्याचा वरचा थर ढवळते आणि तिच्या मागे तापमानाची रेघ राहते. बोट नजरेआड गेली तरी रेघ दिसते. पहिल्यांदा मी तिला दोर समजलो होतो.

पक्षी. पाण्यावर बसलेला पक्षी आणि लांबचं डोकं यांत पडद्यावर फरक नसतो. शंका आली की वेग कमी करून बघून या. पक्षी उडाला तर बरंच.

१०. माणूस पाण्यात पडला तर

नकाशाच्या पडद्यावरचं, जागा नोंदवणारं ‘माणूस पडला’ हे बटण, आरडाओरडा, तरंगणारी रिंग फेकणं, एकाने हाताचं बोट त्या माणसाकडे रोखून नजर न हलवणं, इंजिन सांभाळणं, मदतीची हाक. हे सगळं कॅमेऱ्याच्या आधी. कॅमेरा हातात घ्यायला धावताना माणसावरची नजर सुटली तर नुकसान जास्त.

मग कॅमेरा. दिसेल ते डोकं आणि कदाचित हात. अंगावरचे कपडे आणि लाइफ जॅकेट ओले होऊन लवकरच पाण्याच्या तापमानाला येतात, त्यांची वाट बघू नका. थंड पाण्यात चेहरा ठळक उठतो. पाणी २८-३० अंशांचं असेल तर चेहरा आणि पाणी यांत थोड्याच अंशांचा फरक उरतो, आणि ओले केस तर पाण्यासारखेच दिसतात. तोंड पलीकडे वळलेलं असेल तर माणूस हरवतो आणि वळला की पुन्हा उगवतो. म्हणून एका जागेवरून नजर पटकन हलवू नका. कॅमेरा हळू फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. डिजिटल झूम बंद ठेवा, रुंद चित्र घ्या.

याचा सराव खऱ्या माणसावर रात्री करू नका. कोमट पाणी भरलेला, झाकण घट्ट लावलेला डबा दोरीला बांधून सोडा आणि शोधा. दहा-पंधरा मिनिटांत तो निवत कसा दिसेनासा होतो, हेही त्यात बघायला मिळतं.

११. परतल्यावर

भिंगावर खारं पाणी वाळलं की पांढरी साय बसते आणि पुढच्या वेळी चित्र धुरकट येतं. गोडं पाणी ओता, मीठ विरघळू द्या, मग ओल्या मऊ कापडाने हलकेच टिपा. कोरडं कापड घासलंत तर मिठाचे खडेच भिंगावरच्या थरावर ओढले जातात. काच पुसायची रसायनं पुस्तिकेत परवानगी असेल तरच.

तारेचे सांधे महिन्यातून एकदा उघडून बघा, हिरवट दिसले तर बदला. हातातल्या कॅमेऱ्याची बॅटरी थंडीत लवकर उतरते, तेव्हा दुसरी भरलेली खिशात असू द्या, पिशवीत नको. आणि त्या रात्रीचं रेकॉर्डिंग पुसण्याआधी एकदा दिवसा बघून घ्या. बोटीवर असताना जे नजरेतून सुटलं होतं, ते त्यात कधीकधी स्पष्ट दिसतं. माझ्या वहीतल्या निम्म्या नोंदी अशाच मिळाल्या आहेत.